न केलेली सही

मी सॉफ्टवेअर बनवते आणि मला माझ्या कामाचा जरा जास्तच अभिमान होता. चिकलठाण्याच्या एका बियाणे कंपनीत मी कागद बंद करून डिजिटल सही आणली, त्याला तेव्हा काही महिने झाले होते. बियाण्याच्या प्रत्येक लॉटची उगवण प्रयोगशाळेत तपासायची, अहवाल स्क्रीनवर यायचा, प्रयोगशाळेचे प्रमुख त्यावर सही करायचे आणि मगच माल गोदामातून हलायचा. पूर्वी या एका सहीसाठी फायली दिवसभर जिने चढायच्या-उतरायच्या. ते मी थांबवलं, असं मी भेटेल त्याला सांगत सुटले होते.

प्रमुख मूळचे सिल्लोडचे. निवृत्तीला थोडेच महिने राहिलेले. सगळे त्यांना सर म्हणत. त्या सकाळी मी शहागंजात आईच्या चष्म्याची काडी बदलून घेत होते, तेव्हा त्यांचा फोन आला.

“मॅडम, अंगणात मक्याचा लॉट गाडीत भरू राहिले. त्याच्यावर माझी सही हाय म्हणतेत. मी तर केली नाय.”

“सर, तुमची सही तुमच्याशिवाय होतच नाही,” मी म्हणाले. “घाईत बटण दाबलं गेलं असेल. आठवून बघा नीट.”

माझ्या आवाजात वैताग होता आणि मी तो लपवलाही नाही.  ते म्हणाले, “व्हय, असंल.”

आमच्या ऑफिसात पोचते न पोचते तोच कंपनीच्या मॅनेजरांचा फोन. सरांना म्हणे त्या लॉटची उगवण कमी वाटत होती, त्यांनी गाडी फाटकावर अडवून धरली होती. पण सही तर त्यांचीच. आता सर लिहून देत होते की ‘चूक माझी, हल्ली माझ्या लक्षात राहत नाही, मला या कामातून मोकळं करा.’

“तुम्ही फक्त एक ओळ लिहून आणा,” मॅनेजर म्हणाले. “सही वैध आहे म्हणून. विषय संपवून टाकू.”

मी नोंदी उघडल्या. त्या सहीसमोर माणसाने बटण दाबल्याची नोंदच नव्हती. तिथं सॉफ्टवेअरमधल्या एका नियमाचा क्रमांक होता, आणि तो नियम मी लिहिलेला होता. 

गेल्याच आठवड्यात, पेरणीच्या तोंडावर, मॅनेजरांनी तक्रार केली होती की अहवाल अडकून पडतात, सरांनी दोन दिवसांत नापास लिहिलं नाही तर होकार समजा आणि सही आपोआप होऊ द्या. मी अर्ध्या दुपारात ते करून दिलं. त्यासाठी सरांचं सहीचं टोकन, पेनड्राइव्हसारखं असतं ते, त्यांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला कायमचं लावून ठेवलं आणि त्यांचा पिनही आतच साठवला. सरांना मी एवढंच सांगितलं होतं की आता रोज पिन टाकायचा त्रास नाही. दोन दिवसांच्या नियमाचं मॅनेजर सांगतील असं मी धरून चालले. त्यांनी मी सांगेन असं धरलं.

आणि सरांची कामाची रीत मी कधी विचारलीच नव्हती. संशय आला तरी ते लगेच नापास लिहीत नसत. नापास म्हटलं की कंपनीसाठी बियाणं पिकवणाऱ्या देवगाव रंगारीकडच्या कुणा शेतकऱ्याचा अख्खा प्लॉट बाद व्हायचा. म्हणून ते सही न करता अहवाल ठेवून द्यायचे आणि चाचणी पुन्हा लावायचे. सरांनी सही केली नाही म्हणजे थांबा, हे गोदामातल्या हमालांनाही माहीत होतं. मला नव्हतं.

जालना रोडवर स्कूटर चालवताना मी स्वतःला समजावत होते की खोटं बोलायची गरजच नाही. सही वैध होती, हिरवी खूण होती, कुठल्याही तपासणीत टिकली असती. आमची तीन माणसांची कंपनी, आणि हे आमचं सगळ्यात मोठं काम. मी घाबरले होते, हे कबूल करते.

मॅनेजरांच्या केबिनमध्ये सर खुर्चीच्या टोकाला बसून लिहीत होते. अर्धं पान झालं होतं.

“आल्या मॅडम,” मॅनेजर म्हणाले. “सांगा, वैध आहे ना सही?”

“वैध आहे.”

सरांनी मान हलवली आणि पुन्हा कागदावर वाकले. त्यांचं शेवटचं वाक्य मला उलटं दिसत होतं. माझं वय झालं आहे, एवढं वाचता आलं.

“सर, थांबा,” मी म्हणाले. “वैध आहे, पण तुम्ही केलेली नाही. माझ्या सॉफ्टवेअरनं तुमच्या नावानं केली. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, आपोआप.”

मॅनेजर म्हणाले की सरांना कळवायचं काम माझं होतं. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. “दोघांचं होतं आणि दोघांनीही केलं नाही,” मी म्हणाले, “आणि हे मी लेखी देणार आहे. आधी ती गाडी रिकामी करायला सांगा.” त्यांनी माझ्याकडं रागानं पाहिलं, पण फोन उचलला.

मी पिशवीतला लॅपटॉप काढून ती नोंद उघडली आणि तो सरांकडं फिरवला. त्यांनी चष्मा पुसून घातला आणि ओळीवर बोट ठेवलं.

“सहा दहाला मी घरी होतो,” ते म्हणाले. “नातीची वेणी घालू राहिलो होतो.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “म्हणजे मी विसरलो नव्हतो?”

“नाही सर.”

“मॅडम, माझे अब्बा शेवटी मला वळखत नव्हते. असंच सुरू झालं होतं त्यांचं. सकाळधरनं मी तेच डोक्यात घेऊन बसलो.”

मी माफी मागू लागले. त्यांनी ती पुरी होऊ दिली नाही. ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवा, म्हणाले. मी वाचली. मग हातातला कागद बाजूला ठेवून त्यांनी मला ती आणखी एकदा वाचायला लावली.