वन्संचे सहा महिने

हॉस्पिटलचा शिपाई कलकत्त्यात बालीगंजला आमच्या घरी आला तेव्हा मी मासे धुवत होते. "सिस्टर गेल्या," एवढंच तो म्हणाला. सिस्टर म्हणजे रूथवन्सं, माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. वॉर्डात ड्यूटीवर असतानाच हृदय थांबलं. मला नवल वाटलं नाही. आफ्रिकेतल्या टांगानिकाहून आल्यापासून त्या थकलेल्याच होत्या...

आमच्या चर्चच्या मिशन कमिटीनं त्यांना सहा महिन्यांसाठी तिकडे पाठवलं होतं. गुरं राखणाऱ्या मसाई लोकांत लहान मुलांचा दवाखाना चालवायचा आणि जमेल तसा प्रभूचा शब्द सांगायचा, असं काम होतं. सुरुवातीलाच एक म्हातारा आला आणि वन्संनी नुकत्याच पुसून घेतलेल्या तान्ह्या बाळाच्या कपाळावर हलकेच थुंकला. मग स्वतःच्या तळव्यावर थुंकून तो हात त्यानं वन्संपुढे केला. आमच्या आजेसासूबाई ख्रिस्ती झाल्या तरी नातवंडांची दृष्ट काढताना थू थू करायच्याच. पण वन्सं पडल्या नर्स. त्यांनी हात मागे घेतला आणि म्हाताऱ्यासमोरच स्पिरिटच्या बोळ्यानं बाळाचं कपाळ पुसलं.

दुसऱ्या दिवसापासून एकही आई दवाखान्यात फिरकली नाही. आजारी मुलं घरोघर, औषधं कपाटात. बऱ्याच आठवड्यांनी तिथल्या शाळेतल्या बाईंनी उलगडा केला, की तो आशीर्वाद होता आणि तुम्ही तो पुसून टाकलात. वन्सं त्या म्हाताऱ्याच्या दारी गेल्या आणि मुकाट्यानं हात पुढे केला. तो थुंकला. मग बायका यायला लागल्या. तोवर परतीची बोट ठरली होती.

इथे चर्चच्या हॉलमध्ये त्यांनी हे जसंच्या तसं सांगितलं. मी शेजारीच होते.

"नंतर हात धुतलात ना, सिस्टर?" एका बाईंनी विचारलं.

"नाही. तसाच वाळू दिला."

खुर्च्या करकरल्या. पाद्रीसाहेब म्हणाले, "तुम्ही शिकवायला गेला होतात की शिकायला?"

"सहा महिन्यांत दोन्ही अर्धंच होतं, साहेब. मला परत पाठवा. कायमची."

कमिटीनं विचार करू म्हणून सांगितलं. दरवर्षी वन्सं विचारत, दरवर्षी कमिटी तेच सांगे. मी एकदा म्हटलं, "वन्सं, पुरे आता. गुडघे तरी बघा."

"मसाईंत टेबलखुर्ची नसते, मार्था. खालीच बसायचं," त्या म्हणाल्या. हे काय उत्तर झालं, मला कळलं नाही.

मागच्या आठवड्यात हॉस्पिटलच्या आवारातली त्यांची खोली रिकामी करायला गेले. रिकामी करण्यासारखं फारसं नव्हतंच. ट्रंक दोरीनं बांधलेली. आत नवी मच्छरदाणी, जाड सुती झगे, एकदाही न घातलेले. भिंतीला खिळा नाही, खिडकीला पडदा नाही, बसायला खुर्चीसुद्धा नाही. खोली मिळालेली नवी नर्स दारात उभी होती.

"इथे आधी कुणी राहत नव्हतं का?" तिनं विचारलं.

"राहत होत्या," मी म्हटलं, "जायच्या बेतात."