डांबराच्या वासाची ढेप

श्याग्वान गावात जुन्या चहाच्या गप्पा निघाल्या, की यिन दशुन यांचा शब्द शेवटचा असे, कारण ते दुसऱ्याला बोलूच देत नसत. उभा जन्म त्यांनी लांब पल्ल्याची बस चालवली आणि चहाचं सगळं ज्ञान मागच्या प्रवाशांच्या गप्पा चोरून ऐकून मिळवलं. जिभेचं म्हणाल, तर सिगारेटींनी आणि मिरच्यांनी तिचं कधीच चामडं केलं होतं. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दाढी करताना ते आरशाला विचारत, "काय पंडित, आज कुणाला गंडवायचं?"

मुलगी यीनिंग जन्मली तेव्हा त्यांनी दाबलेल्या चहाची एक ढेप आणून ठेवली होती. ती मुरू द्यायची आणि मुलीचं लग्न ठरलं की फोडायची. मुलीचं पहिलं पाऊल, शाळा, गोवर, सगळं ते रस्त्यावर असतानाच उरकून गेलं. बाप म्हणून आपल्या हातून झालेलं एकुलतं एक काम म्हणजे ही ढेप, असं त्यांना वाटे. म्हणून ती चांगली निघायलाच हवी होती.

पुढे एका प्रवाशाने सांगितलं, भारी जुन्या चहाला कापराचा वास येतो. झालं! घरी येताच यिनरावांनी ढेप रजयांच्या पेटीत सरकवली.

"अहो, त्यात डांबराच्या गोळ्या आहेत!" बायको त्स्वेफांग ओरडली.

"म्हणून तर! आपणही जरा हातभार लावायला नको?"

"लावा. जावयाला पाजायचाय तो, झुरळं नाही मारायची."

यथावकाश फंगचिंगच्या डोंगरातले च्वो मुलाला घेऊन लग्न पक्कं करायला आले. त्यांचे स्वतःचे चहाचे मळे. दुपारच्या बसने यीनिंग त्यांच्यासोबत घर बघायला जाणार होती. यिनरावांनी दाभणाने ढेपेचा तुकडा उकलला, पानं धुतलेलं पहिलं पाणी रीतीप्रमाणे टाकून दिलं आणि ऐटीत पेले पुढे केले.

"कापराचा वास बघा, व्याहीबुवा. असा माल आता मिळत नाही."

"वा! फारच खोल आहे," होणारा जावई म्हणाला आणि त्याने डोळे पुसले.

च्वोंनी घोट कसाबसा गिळला. "ढेप ठेवली कुठे होती?"

"रजयांत," त्स्वेफांगने आतून सांगितलं. "गोळ्यांसकट."

यिनरावांनी आपला पेला तोंडाला लावला. त्यांना नेहमीसारखं गरम पाणीच लागलं. पण पाहुण्यांची तोंडं बघून त्यांचा चेहरा पडला.

"घ्या! जन्मात बापाचं एक काम केलं, तेही पेटीत घातलं," ते म्हणाले. "पोरीच्या संसाराला कसर लागणार नाही, एवढं मात्र नक्की." आणि ते ढेप गुंडाळायला लागले.

"थांबा हो," च्वो म्हणाले. "आतला माल चांगला आहे. पाणी घालत राहा, ओतून टाकत राहा. वास आधी जाईल, चव मागे राहील."

यिनराव ओतत राहिले. यीनिंग शेजारी सरकली.

"कुठून आणली होती ही, बाबा?"

"तू झालीस तेव्हा गाडी घाटात बंद पडली होती. दुसऱ्या दिवशी पोचलो. रिकाम्या हाताने घरात शिरायची लाज वाटली, म्हणून वाटेत घेतली."

हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. यिनरावांनी नवा पेला तिच्यापुढे सरकवला.

"आता बघ कसा लागतोय."

"तुम्हीच बघा ना. तुम्ही पंडित."

"मला काही कळत नाही गं," यिनराव सगळ्यांदेखत म्हणाले. "कधीच कळत नव्हतं. तूच सांग."

ती घोट घेऊन सांगत गेली. अजून गोळ्याच आहेत. आता थोड्या गोळ्या, थोडा चहा. मग एक पेला तिने बराच वेळ हातात धरला.

"गोड आहे, बाबा."

च्वो घड्याळ बघून उठले. मुलाने यीनिंगची पिशवी उचलली. तिने ती परत घेतली आणि खुर्चीखाली ठेवली.

"तुम्ही व्हा पुढे. मी उद्या येते. पानांत अजून दम आहे."

यिनराव घाईघाईने किटली भरायला आत गेले. किटली भरलेलीच होती.