पांढरं रीळ

मास्तर कपडे शिवायचे आणि शिवता शिवता गिऱ्हाइकांना चिमटे काढायचे. "कापड आटलेलं नाही, तुम्ही सुटलात," असं तोंडावर सांगायचे. त्यामुळे ते स्वतः वाळायला लागले तेव्हा गल्लीला आधी हसूच आलं. मग डोळे पिवळे झाले, स्वादुपिंडात गाठ दिसली आणि हसू विरलं.

गाठ कर्करोगाची निघाली नाही. शरीराची राखण करणारी यंत्रणाच स्वादुपिंडावर उलटली होती. "म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं," मास्तर म्हणाले. डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. गाठ ओसरली, कावीळ गेली. चेहरा मात्र फुग्यासारखा झाला, साखर वाढली, भूक आवरेना. आत घेतलेल्या स्वतःच्या विजारी मास्तरांनी पुन्हा उसवल्या. गिऱ्हाइकं टपलेलीच होती. कापड आटलं का, म्हणून जो तो विचारू लागला.

गोळी हळूहळू कमी होईल, पण शेवटची छोटी गोळी चालूच ठेवायची, नाहीतर आजार परततो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मास्तरांना असलं रेंगाळणं ठाऊक नव्हतं. खडूची खूण झाली की एका दमात कात्री, हा त्यांचा खाक्या. गोळीही त्यांनी तशीच कापली, एकदम बंद. घरात बोलले नाहीत. चेहऱ्याची सूज उतरली, तसे आरशासमोर जास्त वेळ रमू लागले.

दोऱ्याचा रंग जुळवायचं काम बायकोचं. एका सकाळी दुकानाच्या दारात ती सदऱ्यासाठी पांढरं रीळ निवडत होती. मास्तर वाकून बघायला आले. रीळ त्यांच्या डोळ्याशेजारी आलं आणि तिचा हात तिथंच थांबला.

"बल्बचा पिवळा उजेड आहे गं," मास्तर म्हणाले.

"बल्ब बंद आहे. गोळी कधी सोडलीत?"

मास्तर खडू शोधू लागले. तो कानावरच होता.

"लोकांच्या विजारीत जास्तीच्या कापडाचा दाब सोडता, उद्या पोट सुटेल म्हणून," ती म्हणाली. "स्वतःच्या वेळी अगदी कडेनं कात्री चालवलीत."

पुन्हा दवाखाना, पुन्हा मोठी गोळी, पुन्हा फुगा. डोळे निवळले. साखर मात्र मुक्कामालाच राहिली. आता काही वर्षं झाली. छोटी गोळी चुकत नाही. रोज दुकान उघडलं की मास्तर उजेडात उभे राहतात आणि बायको डोळ्यापाशी रीळ धरते.

मध्यंतरी ती बहिणीकडे गेली. पहिलं गिऱ्हाईक माप द्यायला आलं. मास्तरांनी त्याच्या हातात रीळ ठेवलं आणि डोळे विस्फारले.

"आधी माझं बघा. तुमचं पोट कुठं पळून जात नाही."