मुक्या सायबाच्या शेतात बसलो ती सकाळ

इथले भुताखेतांचे अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत वाचतो आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा हसतो. राग मानू नका. आम्ही बौद्ध. आमच्या घरात आजोबांच्या पिढीपासून अंगारा, गंडादोरा, अंगात येणं... काहीच चालत नाही. वडील शेतमजूर, पण पोटाला चिमटा काढून त्यांनी मला शिकवलं. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. आज शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. कास्टिंगला तडा गेला तर त्याला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, हा माझा रोजचा अनुभव. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते अमानवीय आहे असं मी म्हणत नाही. पण दुसरं काय म्हणावं तेही सुचत नाही, म्हणून तुमच्यापुढे ठेवतोय.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मॅनेजर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"तू नेसरीकडचा ना रे?"

"होय साहेब."

"आणि इंग्रजी बरं बोलतोस. आपल्या इंग्लंडच्या कस्टमरच्या ओळखीच्या एक बाई आल्यात. त्यांना घराण्याचा इतिहास शोधायचाय. त्यांच्याबरोबर जरा हिंड. तुझी ड्यूटी मी बघतो."

बाईंचं नाव हेलन. पंचाहत्तरीच्या आसपास, उंच, केस बारीक कापलेले. गुडघे पार गेलेले. जमिनीवर बसल्या तर दोघांनी धरून उठवावं लागायचं. त्यांच्या आजोबांचा थोरला भाऊ, जोसेफ, इंग्रजांच्या काळात कोल्हापूर संस्थानात आला होता. ना फौजेत, ना सरकारी नोकरीत... साधा शेतकरी. नेसरीच्या बाजूला खंडानं जमीन घेऊन भुईमूग आणि बटाटा लावायचा. लग्न केलं नाही. इथंच वारला. घरच्यांना फक्त वारल्याचं कळलं, बाकी काही नाही.

हे लोक क्वेकर. ख्रिस्ती लोकांतलाच एक पंथ, पण त्यांची पद्धत वेगळी. रविवारी एकत्र जमतात आणि गप्प बसतात. धर्मगुरू नाही, गाणी नाहीत. कुणाला आतून काही बोलावंसं वाटलं तर बोलायचं, नाहीतर नुसतं बसायचं. मालक असो की गडी, सगळे सारखे. कुणाला साहेब, मॅडम म्हणत नाहीत. मलाही त्या म्हणाल्या, "नुसतं हेलन म्हण." माझ्या तोंडून ते निघेना. शेवटी 'हेलनबाई'वर तडजोड झाली.

आता माझा उत्साह बघा. साहेबाचं कूळ शोधायचं म्हणजे साहेबाची कबर शोधायची, असं मी धरून चाललो. कोल्हापुरातल्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना घेऊन गेलो. एकेक दगड ओल्या फडक्यानं पुसून नावं वाचली. ऊन चढलं. बाई काठी टेकत माझ्या मागून शांतपणे येत होत्या. शेवटचा दगड वाचून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "त्याच्या काळात आमच्यातली पुष्कळ माणसं कबरीवर दगड ठेवत नसत. मेल्यावर तरी एकानं दुसऱ्यापेक्षा मोठं कशाला व्हायचं, असं त्यांना वाटे."

"मग आधी सांगायचं नाही का?"

"तू इतक्या मनापासून पुसत होतास..."

मी कपाळाला हात लावला. मग विचारलं, "कबर नसेल तर शोधायचं तरी काय?"

तेव्हा त्यांनी खरी गोष्ट सांगितली. त्यांचा मोठा भाऊ तिकडं अंथरुणाला खिळलेला होता. डॉक्टरांनी आशा सोडली होती. लहानपणापासून त्या दोघांनी घरात एकच हळहळ ऐकली होती, की जोसेफला आपण परदेशात एकटं सोडलं. या लोकांचं बसणं एकट्याचं नसतं. सोबत माणूस लागतो. त्याला सोबत बसायला कुणीच नव्हतं, आणि कितीतरी वर्षं तो एकटाच बसत राहिला असणार, असं त्यांची आजी म्हणायची. निघताना भाऊ म्हणाला होता, "तो कुणाबरोबर बसायचा, एवढं बघून ये."

मी त्याच संध्याकाळी गावी तात्यांना फोन लावला. तात्या म्हणजे माझे चुलत आजोबा, आमच्या भावकीतले सगळ्यात म्हातारे.

"तात्या, आपल्याकडं कुणी गोरा शेती करायचा काय? रविवारी गप्प बसायचा असा?"

"मुका सायेब व्हय? आरं, त्येच्याच शेताच्या बांधावरनं तर शाळंला गेलास की तू!"

मुक्याचं शेत! लहानपणापासून ते नाव ऐकत होतो. मला वाटायचं, असेल कुणी मुका माणूस.

"तो कुणाबरोबर बसायचा का हो, तात्या? बाईंना तेवढंच पाहिजे."

"बसायचा की. माझा बा बसायचा त्येच्यासंगं."

रविवारी सकाळी आम्ही गावात पोचलो. तात्यांनी नवा फेटा बांधला होता. बाईंना लोखंडी खुर्ची दिली, स्वतः उंबऱ्यावर टेकले आणि सुरू झाले.

"रविवारी औत बंद. जांभळीखाली घोंगडं पसरायचा आन् गप बसायचा. आमच्यातली चार-पाच माणसं, माझा बा धरून, सायबाच्या शेजारी त्याच घोंगड्यावर. त्या काळात आमाला कोण बसवून घेतंय? गावाला काय कळंना ह्यो काय करतोय त्ये. म्हणून मुका म्हणाले. मुका कसला! एरवी मोडकंतोडकं बोलायचा की."

"तुम्ही बसलात कधी?" बाईंनी माझ्यामार्फत विचारलं.

"न्हाय. माझ्या जन्माआधी गेला त्यो. बा सांगायचा, त्ये आयकलं. बाकी आपल्याला काय ठावं न्हाय."

मी भराभर इंग्रजीत सांगत होतो. मला भरून आलं होतं. माझ्या पणज्याचा भाऊ, ज्याला गावात पाणीसुद्धा वरून ओतायचे, तो कुणाच्या तरी मांडीला मांडी लावून बसला होता! पण बाईंच्या चेहऱ्यावर काहीच दिसेना. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "फोनवर तू त्यांना काय विचारलं होतंस?"

मी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला.

त्या थोडं हसल्या. "इथली माणसं फार चांगली आहेत. परवा चहाच्या दुकानात एक गृहस्थ म्हणाले, त्यांचे आजोबा आणि जोसेफ जिवलग मित्र होते. जोसेफ कुठल्या गावात राहायचा हेही मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं. पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, असं तुमच्याकडं असतं ना? तात्या खोटं बोलले असं मी म्हणत नाही. पण मरणाऱ्या माणसाला मी काय सांगू? मला खात्रीचं पाहिजे."

चूक माझीच होती. आमच्याकडं प्रश्न विचारतानाच माणूस उत्तर सुचवून मोकळा होतो, आणि ऐकणारा पाहुण्याचं मन मोडत नाही. तात्या खरं बोलत असले तरी आता ते ठरवायचं कसं?

तरी शेत बघू म्हणून गेलो. आता तिथं ऊस आहे. मालक जैन, आमच्याच गावचे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. ऊसतोड चालू होती, ट्रॅक्टरवर गाणी जोरात. पण कोपऱ्यातली जांभळीखालची जागा मोकळी होती.

"बसू का तिथं जरा?" बाईंसाठी मी विचारलं.

"बसा की पावणं! विचारायचं काय त्यात? चहा लावतो," म्हणत अण्णा वस्तीकडं निघाले. जाताना ट्रॅक्टरवाल्याला ओरडले, "आरं बंद कर की त्ये, माणसं बसल्यात हितं!"

आम्ही ताडपत्री अंथरली. बाईंना दोघांनी धरून खाली बसवलं, बुंध्याला टेकून. त्यांच्या समोर, चांगलं अंतर सोडून, तात्या. मी जरा बाजूला. तिघांचा मिळून त्रिकोण झाला म्हणा.

"किती वेळ बसायचं?" तात्यांनी विचारलं.

मी इंग्रजीत विचारलं. बाई म्हणाल्या, "संपलं की कळेल."

"आपल्या गावात एवढं गप बसायला जमलंच नसतं कुणाला. म्हणून तर मुका म्हणाले," तात्या म्हणाले आणि त्यांनीच डोळे मिटले.

पुढचं जसं झालं तसं सांगतो. भीती वाटली नाही. अंगावर काटा नाही, गार वारं नाही, कसलाही वास नाही. सुरुवातीला पाय आखडला, कोयत्याचे आवाज येत राहिले, सोमवारच्या डिस्पॅचची आठवण झाली. मग हळूहळू ते सगळं मागं पडलं. आमच्या विहारात ध्यानाला बसतो तेव्हाही मला इतकं कधी जमलं नव्हतं. माझ्या आसपास माणसं बसलीत असं वाटत होतं, आणि बसली होतीच की. तात्या होते, बाई होत्या. म्हणून त्यात मला विशेष काही वाटलं नाही.

बऱ्याच वेळानं कुणीतरी माझा उजवा हात हातात घेतला. खरखरीत तळवा, कोमट. एकदा दाबला, सावकाश, आणि सोडला. मनात आलं, संपलं वाटतं. मी डोळे उघडले. बाई बुंध्याला टेकलेल्या होत्या, त्यांचेही डोळे नुकतेच उघडत होते. तात्या समोर आपल्या जागी, उपरण्यानं तोंड पुसत होते. माझ्या उजव्या बाजूला उसाची सरी.

तेव्हाही मी फार विचार केला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. बाईंनी उठून हात दिला असेल आणि परत जाऊन बसल्या असतील, असं धरलं. मग त्यांना उठवायला गेलो आणि मी अन् तात्यांनी दोन्हीकडून ओढून त्यांना उभं केलं... तरीही डोक्यात प्रकाश पडला नाही.

चहा घेऊन गाडीत बसलो. मी चालवत होतो, तात्यांना घरी सोडायचं होतं. बाई म्हणाल्या, "थँक यू. तुला आमची पद्धत कुणी सांगितली?"

"कसली पद्धत?"

"बैठक संपली की आमच्यातलं वडीलधारं माणूस शेजाऱ्याचा हात हातात घेतं. त्यावरूनच सगळ्यांना कळतं की संपलं. मी मुद्दामच सांगितलं नव्हतं तुम्हाला. तू येऊन माझा हात धरलास ना, फार बरं वाटलं मला."

मी गाडी बाजूला घेतली.

"हेलनबाई, मी जागचा हललो नाही. मला वाटलं, माझा हात तुम्ही धरलात."

त्यांनी आपल्या गुडघ्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"काय झालं रं? गाडी का थांबवलास?" तात्या म्हणाले.

मी कोणतंही उत्तर न सुचवता विचारलं. एवढं शिकलो होतो. "तात्या, मघाशी तुम्ही डोळे कशानं उघडलेत?"

"कशानं म्हंजे? तू हात धरलास की माझा. म्हटलं, पोरगं उठायला सांगतंय."

"मी नव्हतो तात्या. बाईही नव्हत्या."

तात्यांनी आपला हात उलटा-सुलटा करून बघितला. घाबरले नाहीत. म्हणाले, "आसंल मग त्योच. शेत त्येचं हाय, पावणं आपण. उठायच्या वक्ताला हात द्यायचा त्येनंच."

मी ते इंग्रजीत सांगितलं. काही न वाढवता, काही न गाळता.

त्यानंतर कितीदा तरी विचार केलाय. तिघांना एकदम भास होतो का? डोळे मिटून बसलं की हाताला मुंग्या येतात, त्या असतील? पण मुंग्या हात दाबून सोडत नाहीत, आणि तात्यांना तर ती पद्धत माहीतच नव्हती. अण्णा वस्तीवर चहाजवळ होते, तोडकरी पार दुसऱ्या टोकाला. मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "तात्यांनी मजा केली असेल." केलीही असेल, पण समोर बसलेला पंच्याऐंशीचा माणूस उठून, बाईंचा आणि माझा हात धरून, पाचोळा न वाजवता परत जागेवर जाऊन बसला हे मला पटत नाही. दुसरंही काही पटत नाही. माझ्याकडं खुलासा नाही. तुमच्यापैकी कुणाकडं असेल तर जरूर लिहा.

हेलनबाईंनी त्या उभ्या गाडीतूनच भावाला फोन लावला. हाताबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तो एकटा नव्हता. मी आत्ता त्याच्या माणसांबरोबर बसून आलेय."

पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं, रेंज गेली असेल, म्हणून मी त्यांच्या फोनकडं बघितलं. रेंज होती. बाईंनी फोन कानाला तसाच धरून डोळे मिटले, आणि तात्यांनी मला खूण केली की गाडी सुरू करू नको.