बाळांच्या खोलीतले हात

“हाथ देखे उसके? पूरे हरे हैं. इनसे बच्चा पुंछवाओगे?”

आदल्या दिवशी झालेल्या बाळाची आजी काउंटरला टेकून आपल्या मुलाला सांगत होती. आवाज हळू होता, पण आत बसलेल्या मला ऐकू जाईल इतपतच हळू. मुलाने मोबाइलमधून मान वर न काढता ‘हूं’ केलं. मी पावतीवर शिक्का मारला आणि ऐकलंच नाही असा चेहरा केला. तो चेहरा मला चांगला जमतो.

गोंदियातल्या या छोट्या प्रसूती रुग्णालयात मी रिसेप्शनला बसते. इंग्रजी शाळेत शिकले म्हणून विमा कंपन्यांशी फोनवर बोलायचं काम माझ्याकडे. फोनवर मी बरी बोलते. समोर माणूस उभा राहिला की शब्द घशातच राहतात.

आजी ज्या हातांबद्दल बोलत होत्या, ते आमच्या बाळांच्या खोलीतल्या सिस्टरचे. सिस्टर दरेकशाच्या जंगलाकडच्या. दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत गोदना, म्हणजे हिरवं गोंदण आहे: ठिपक्यांच्या रांगा, त्रिकोण, डाव्या हातावर एक विंचू. उजव्या मनगटावर एक गुलाबही आहे, तो मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, मशीनवाल्याकडून काढून घेतलेला. त्याच्यावर त्यांचा राग आहे. “फूलगोबी काढून देल्लन मेल्यानं,” असं सगळ्यांना सांगतात. बाकीच्या गोदन्याचा मात्र अभिमान. ड्युटी संपली की खोबरेल तेल लावून हात खिडकीच्या उजेडात धरतात आणि स्वतःच बघत बसतात.

मीही बघायचे, चोरून. आमच्या शाळेत टॅटू म्हणजे स्टाईल आणि गोदना म्हणजे गावंढळ, असं कुणी न सांगताच ठरलेलं होतं. या हातांपुढे ते टिकेना. एकदा सिस्टरनी मला पकडलं. “पाहाचं असन तं पाह्य ना बाई. तिकीट थोडीच आहे.”

आमच्या मालकीण डॉक्टरांचा, मोठ्या मॅडमचा, एक कडक नियम आहे. बाळांच्या खोलीत जाताना कोपराखाली काही चालत नाही. बांगड्या, घड्याळ, अंगठी, देवाचा धागा, सगळं दाराबाहेरच्या ट्रेमध्ये ठेवायचं आणि कोपरापर्यंत हात धुवायचे. त्यामुळे त्या खोलीत सगळ्यांचे हात बोडके दिसतात. सिस्टरचे तेवढे भरलेले.

आजींची तक्रार नव्या मॅनेजर सरांपर्यंत गेली. सर नागपूरहून आलेले, माणूस वाईट नाही. “मला पर्सनली काही प्रॉब्लेम नाही,” ते म्हणाले, “पण फ्रंटला दिसणारा स्टाफ प्रेझेंटेबल पाहिजे.” त्यांनी बाजारातून बाह्या मागवल्या. स्कूटी चालवताना मुली उन्हासाठी हातांवर चढवतात ना, त्याच, अंगाच्या रंगाच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनी त्या घातल्या. पहिल्या बाळाआधी हात धुतले, बाह्या चिंब. दुसरी जोडी घातली, तीही तशीच. दुपारपर्यंत खिडकीच्या गजांवर बाह्याच बाह्या वाळत होत्या. “काऊन व सिस्टर, पापड टाकले का?” सफाईवाल्या मावशींनी विचारलं. सिस्टर हसल्या नाहीत. अंगावरची जोडी काढली, ट्रेमध्ये टाकली आणि उघड्या हातांनी कामाला लागल्या.

सरांना ते कळलं. ते काउंटरपाशी येऊन मला म्हणाले, “बाह्या नसतील तर उद्यापासून स्टोअर. तिथे कुणी बघत नाही. तू जाऊन सांग. मुलगी आहेस, गोड बोलून समजावशील.” मोठ्या मॅडम बाहेरगावी होत्या. परत आल्यावर त्यांनी ‘कोपराखाली काही चालत नाही, बाह्याही नाहीत’ एवढ्या एका वाक्यात हा विषय संपवला, आणि सिस्टर आजही त्याच खोलीत आहेत. पण त्या दुपारी हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी वर गेले. सिस्टर बेसिनपाशी होत्या. साबणाचा फेस विंचवावरून खाली ओघळत होता.

“तुले पाठवलंन का?” त्यांनी मागे न वळता विचारलं. “सांग मंग. कुठं टाकून राहिले मले?”

“स्टोअरला,” एवढंच माझ्या तोंडून निघालं.

“स्टोअरमंदी का करू? डब्ब्यायचं अंग पुसू?”

आत एक बाळ रडायला लागलं. त्याच आजींचा नातू. सिस्टरनी हात कोरडे केले, आत जाऊन त्याला उचललं आणि डाव्या हातावर पालथं घेतलं. मी दारातच थांबले. बाळाचा गाल विंचवाच्या नांगीवर टेकला. सिस्टर उजव्या हाताने पाठ थोपटत राहिल्या.

“लय रडली होती मी हे काढताना,” त्या म्हणाल्या. “माय म्हने, रड किती रडाचं ते, पन हात नोको हालवू.” मग नेहमी दणक्यात बोलणाऱ्या सिस्टरचा आवाज खाली आला. “स्टोअरमंदी नाही जाऊन राहिली मी. त्याच्यापेक्षा घरी बसीन. मले हेच काम येते, अन् हेच आवडते.”

बाळ गप्प झालं होतं. त्याच्याखालचा हात जराही हलत नव्हता.

मी जिना उतरून खाली आले. काउंटरपाशी सर उभे होते आणि शेजारी आजी. “समजावलंस ना?” सरांनी विचारलं. एरवी मी मान हलवून खुर्चीत जाऊन बसले असते. आजी माझ्याकडे बघत होत्या. माझे कान तापले होते, आणि समोर फोन नव्हता, माणसं होती.

“नाही सर, मी समजावणार नाही,” मी म्हणाले. “यांचा नातू आत्ता सिस्टरच्या हातावर झोपलाय. त्याला त्या हातावरून काढून घ्यायचं असेल, तर तुम्ही दोघं वर जा आणि घ्या.”