इन्सब्रुकमध्ये आईंना भेटलेला फॉन वारा

स्प्रिंग ब्रेकला कुठे जायचं, यावर आमच्या नेपरव्हिलच्या घरात दरवर्षी निवडणूक होते. यंदा निखिलने मतदान होऊच दिलं नाही. "आई इथे आहे तोवर आल्प्स," त्याने जाहीर केलं आणि शिकागो-म्युनिकची तिकिटं काढून टाकली.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. नागपूरच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला. निखिलचे बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांनी आता कायमचं इथेच राहावं, ग्रीन कार्डचा अर्ज करू द्यावा, असा निखिलचा धोशा चालला होता. त्यांना जिना नको म्हणून त्याने खालच्या मजल्यावर वेगळी खोलीसुद्धा करून घेतली. आई फक्त "बघू" म्हणायच्या. निखिल त्याचा अर्थ होकार असा लावायचा. मला तशी खात्री नव्हती, पण या विषयात सुनेने न पडलेलं बरं, म्हणून मी गप्प होते.

आईवडिलांना नेणार असाल, तर एक सांगते. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा ते भारतातून निघण्याआधीच काढून ठेवा. व्हिजिटर म्हणून अमेरिकेत आल्यावर तो मिळणं कठीण असतं. म्युनिकहून आम्ही गाडी भाड्याने न घेता ट्रेनने गेलो आणि ते फार बरं झालं. दोनेक तासांचा प्रवास, आणि ऑस्ट्रियाची हद्द जवळ आली तसे दोन्ही बाजूंनी डोंगर खिडकीला येऊन भिडले. आईंनी शिदोरीच्या दशम्या बाहेरच काढल्या नाहीत. "वली पर्वत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "घड्या बघ कशा पडल्यात."

पहिला दिवस इन्सब्रुकच्या जुन्या गावात. इथलं सगळ्यात प्रसिद्ध ठिकाण म्हणजे सोनेरी छत. प्रत्यक्षात एका जुन्या इमारतीच्या सज्जावर सोन्याचा मुलामा दिलेले तांब्याचे पत्रे आहेत. आमची बारा वर्षांची मिहिका मान वर करून म्हणाली, "दॅट्स इट? इट्स सो टायनी!" दरबारी चर्चमध्ये मात्र तिचंही तोंड बंद झालं. मधोमध सम्राटाची भव्य संगमरवरी समाधी आणि दोन्ही बाजूंना माणसाहून उंच, काळेभोर ब्राँझचे पुतळे. सम्राट तिथे पुरलेलाच नाही, हे कळल्यावर आई म्हणाल्या, "माणूस नाही आणि पहारा एवढा!"

शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. चीज घातलेले शेवेच्या जाड गोळ्यांसारखे श्पेत्झले सगळीकडे मिळतात. वरचा तळलेला कांदा जास्तीचा मागून घ्या. पर्यटकांसाठीचं शहर कार्ड घेतलंत तर म्युझियम, बस आणि डोंगरावरची केबल कार त्यातच येते. दुकानं रविवारी बंद असतात, त्यामुळे दूध-ब्रेड शनिवारीच आणून ठेवा.

दुसऱ्या दिवशी वर गेलो. गावातूनच छोटी रेल्वे निघते, मग केबल कार. ऊन इतकं कडक की खाली लोक शर्टावर फिरत होते आणि वर गुडघाभर बर्फ. थोड्या वेळाने मिहिकाचं डोकं दुखायला लागलं, म्हणून निखिल तिला घेऊन खाली गेला. आईंचं बघून झालं नव्हतं, त्यामुळे मी त्यांच्याबरोबर थांबले. आणि अर्ध्या तासात वारा सुटला. टेबलावरच्या छत्र्या भराभर मिटल्या गेल्या, केबल कार बंद झाली आणि आम्ही सगळे वरच्या रेस्टॉरंटमध्ये अडकलो.

मी निखिलला फोन करून मागे वळले, तर आई गच्चीवर! टोपी काढून, तोंड वाऱ्याकडे करून उभ्या.

"आई, आत या! सर्दी होईल!"

"अगं, गरम आहे हा! गौरी, इकडे ये. हा फॉन आहे!"

खरंच, बर्फात उभं राहूनही वारा ऊबदार होता. पलीकडच्या उतारावर पाऊस टाकून कोरडा झालेला वारा इकडे उतरताना कसा तापतो, हे त्यांनी मला तिथेच हातवारे करून शिकवलं. शेजारचं जर्मन जोडपंही ऐकत उभं राहिलं. मग आईंनी त्यांच्यासाठी इंग्रजीतून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. त्यातल्या बाई प्रश्न विचारत होत्या, आई उत्तरं देत होत्या. मी आईंना असं बोलताना कधी पाहिलंच नव्हतं.

आत येऊन आम्ही चहा मागवला. कप हातात घेऊन त्या म्हणाल्या, "मी नागपूरला परत जाते, गौरी."

"आमचं काही चुकलं का?"

"नाही गं. तुम्ही फार जपता मला. गोळ्या घेतल्या का, स्वेटर घातला का. पण मला कोणी काही विचारतच नाही. तिकडे संध्याकाळी कॉलनीतली पोरं वह्या घेऊन येतात, डोकं खाऊन टाकतात माझं." कप खाली ठेवून म्हणाल्या, "निखिलने खोली केली. त्याला कसं सांगू, तेच सुचत नव्हतं."

"मी सांगू?"

"नको. माझा मुलगा आहे. मीच सांगते."

वारा पडल्यावर आम्ही खाली आलो. इन नदीकाठच्या रंगीत घरांसमोर एका कॅफेत कायझरश्मार्न मागवलं. म्हणजे तुकडे केलेला जाडसर गोड पॅनकेक, सोबत प्लमचा मुरंबा. तिथे आईंनी निखिलला सांगितलं, अगदी सरळ. तो उठून पुलावर गेला आणि पाण्याकडे बघत उभा राहिला. मिहिका कुजबुजली, "इज बाबा क्रायिंग?" आई उठल्या, त्याच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. दोघं काय बोलले, मला माहीत नाही. परत आल्यावर निखिलने गार झालेला पॅनकेक संपवला आणि म्हणाला, "एप्रिलचं तिकीट बघतो."

त्या गेल्या. खालची खोली तशीच आहे. निखिल तिथे बसून काम करतो आणि दार मात्र लावत नाही. मलाही घर मोकळं वाटतं आणि ते मोकळेपण आवडतं असंही नाही. सुरुवातीला त्याचे फोन जेवण-औषधांवरच संपायचे. गेल्या रविवारी नेपरव्हिलला अवेळी बर्फ पडला. निखिलने फोन लावला आणि म्हणाला, "आई, एप्रिल संपत आला तरी इकडे बर्फ का पडतो गं?"

तिकडून आई म्हणाल्या, "कागद-पेन्सिल घे."