ओसरीवरचं चिनी ताट

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आमच्या गावच्या पाटलीणबाईंचे. त्या माझ्या नात्याच्या नाहीत, जातीच्याही नाहीत. १९९९ साली मी आठवीत होतो आणि वडील मला आपल्यासोबत राइस मिलमध्ये हमालीला नेणार होते. पाटलीणबाईंनी त्यांना बोलावून सांगितलं की पोरगा दुपारी आमच्याकडे जेवेल आणि कामठ्याच्या शाळेत जाईल. पुढे गोंदियाच्या कॉलेजात नाव घालायलाही त्याच सोबत आल्या. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी त्यांच्यामुळे झालो.

जेवण ओसरीवर असायचं आणि ताट ठरलेलं. घरची माणसं पितळेच्या ताटात जेवत. पितळ राखेनं घासून, विस्तवावर धरून शुद्ध होतं, चिनी माती होत नाही, असं त्या घरात मानत. म्हणून चिनी मातीचं ते एकच ताट आमच्या जातीच्या माणसांसाठी बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेलं असे. जेवण झालं की मी ते विहिरीवर धुवायचो आणि कोनाड्यात पालथं घालायचो.

पाटलीणबाईंचे सासरे लाखेच्या व्यापारासाठी कलकत्त्याला जात, त्यांनी तिथून ते आणलं होतं. काठाला गुलाबी फुलं, मध्ये नदी, नदीत नाव आणि नावाडी, नदीकाठच्या घराच्या खिडकीत पंखा घेतलेली बाई. भात संपत जाई तशी ती माणसं एकेक करून वर येत. नावाड्याची एक भुवई पार टोपीपर्यंत गेली होती. रंगवणाऱ्याचा हात तिथे हलला असावा. मला तो नावाडी फार आवडायचा.

नोकरीनिमित्त नागपूरला गेल्यावर तिथल्या संग्रहालयात मी तशीच ताटं काचेआड पाहिली. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं की चीनमधले कारागीर ती हातानं रंगवत आणि परदेशात विकायला पाठवत. गावी आल्यावर मी हे मोठ्या कौतुकानं पाटलीणबाईंच्या मुलाला सांगितलं. त्यानं त्याच दिवशी ताट साबणानं धुऊन दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, टीव्हीशेजारी ठेवलं.

पुढच्या खेपेला मी भेटायला गेलो तेव्हा धान घरात आलं होतं. नेहमीप्रमाणे मी ओसरीवर बसलो. पाटलीणबाई भाताचं पातेलं घेऊन बाहेर आल्या आणि रिकामा कोनाडा पाहून थांबल्या. ताट कुठे गेलं, त्यांनी मुलाला विचारलं. ती जुनी चीज आहे, आता जेवायला काढायची नाही, असं तो म्हणाला.

"मंग हा कायत जेवल?"

"केळीचं पान आणतो ना. पान तं ताटाहून जुनी चीज होय," मुलगा हसत म्हणाला.

मला उठून जावंसं वाटत होतं, पण मी बसून राहिलो. ज्या बाईंनी मला शिकवलं, त्या आता मला कुठे बसवतात, एवढंच मी पाहत होतो. त्या पातेलं घेऊन उंबऱ्याकडे वळल्या.

"ताट घरात नेलं तवा मले कोणी इचारलं नाही," त्या मुलाला म्हणाल्या. "आता मीबी कोणाले इचारत नाही. चाल रे बाबू, आत चाल."

त्यांनी मला स्वयंपाकघरात स्वतःच्या पाटावर बसवलं आणि स्वतःचं पितळेचं ताट पुढे ठेवलं. सुनेचा हात वरणाच्या भांड्यावर तसाच राहिला. "वाढ ना, काऊन थांबून राहिली?" त्या म्हणाल्या. मी जेवलो, पण काय जेवलो ते आठवत नाही. निघताना त्या म्हणाल्या, "ते चिनी ताट घेऊन जा. तुयंच होय." मी घेतलं नाही. नागपूरला परतल्यावर त्यांना हे पत्र लिहिलं:

"आदरणीय पाटलीणबाईंना सविनय नमस्कार.

मी सुखरूप पोहोचलो. ताट नेलं नाही याचा राग मानू नका. ते तुमच्या सासऱ्यांनी आणलेलं आहे, तुमच्याच घरी शोभतं.

तुम्ही मला आत बसवलंत हे मी गाव सोडण्याआधी आईला सांगितलं. ती म्हणाली, त्यांना आपल्या घरी जेवायला बोलाव. हे तोंडानं सांगायचा धीर मला झाला नसता, म्हणून लिहितो. इतकी वर्षं तुम्ही मला जेवू घातलंत. आमच्या घरचं पाणी मात्र तुम्ही कधी घेतलं नाही.

पुढच्या रविवारी मी गावी येतो आहे. आई भात आणि लाखोळीची डाळ करणार आहे. तुमचं मन होत नसेल तर तसं कळवा, तुमच्याबद्दलचा माझा आदर कमी होणार नाही. पण आई स्वयंपाक करून वाट पाहणार आहे."